बाळबोध कोड : किचकटपणा मोजायचा कसा, कमी करायचा कसा

होळकर, शिंदे आणि गायकवाड या तिन्ही घराण्यांच्या दफ्तरांत मोडीतली कागदपत्रं ढिगाने आहेत. आपल्यापैकी काहींच्या घरीही पणजोबांच्या काळचा एखादा मोडी कागद कापडात गुंडाळून ठेवलेला असेल. तो वाचणारं मात्र घरात कोणी नसतं. भाषा मराठीच, शब्दही बरेचसे ओळखीचे, तरी वाचता येत नाही. याचं कारण मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग टाक फारसा न उचलता भराभर लिहीत सुटायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. कारकुनाचा वेळ वाचला खरा, पण आज तोच वेळ आपण मोडीचा जाणकार शोधण्यात घालवतो. उलट देवनागरीचं मराठीतलं जुनं नाव आहे 'बाळबोध'. लहान मुलालाही बोध व्हावा अशी ती लिपी. तिच्या नावातच वाचणाऱ्याचा विचार आहे.

मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. या मासिकाच्या वाचक-घरांतली कितीतरी मुलंमुली याच वाटेला लागली आहेत. कोणी हैदराबादला, कोणी पुण्याला, कोणी बंगळुरूला, तर कोणी घरूनच काम करतं. त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि "आमचा मुलगा तासन् तास पडद्याकडे नुसता बघत बसतो, टाइप तर काही करत नाही" अशी काळजी वाटणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे. काकू, तो नुसता बघत नसतो, वाचत असतो. बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं, आणि बहुतेक वेळा मोडीच!

लिहिणं एकदा, वाचणं अनेकदा

कॉलेजात आपण कोड लिहायला शिकतो. नोकरीत गेल्यावर कळतं की कोड वाचणं हे मुख्य काम आहे. एखादी चूक शोधायची तर आधी वाचावं लागतं. नवा नियम घालायचा तर आधी जुने नियम कुठे दडलेत ते वाचावं लागतं. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेलेला असतो. आणि लिहिणारे आपणच असलो, तरी सहा महिन्यांनी आपणही परकेच असतो.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मिनिटभरात शंभर ओळी लिहून देतात. म्हणजे लिहिणं आणखी स्वस्त झालं, पण वाचणं आणि पटलं का ते ठरवणं अजून माणसाच्याच अंगावर आहे. म्हणून 'हा कोड वाचायला किती जड आहे' हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. 'मला जड वाटतो' एवढं म्हणून चर्चेत भागत नाही, कारण समोरचा म्हणतो, "मला तर सोपा वाटतो." तिथे मोजमाप कामाला येतं.

रस्ते मोजा

या मोजमापाचं सर्वांत प्रसिद्ध माप थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली मांडलं. त्याला 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी' म्हणतात. नाव भीतिदायक असलं तरी कल्पना अगदी घरगुती आहे. कोड म्हणजे रस्ता समजा. सरळ रस्ता असेल तर वाट एकच. जिथे 'जर असं असेल तर' आलं, तिथे फाटा फुटला. फंक्शनमध्ये असे जितके फाटे, त्यात एक मिळवा, की झालं माप. एकही अट नाही तर माप १, चार अटी असतील तर ५. 'जोपर्यंत अमुक होत नाही तोपर्यंत पुन्हा करा' असा फेराही एक फाटाच धरायचा.

या आकड्याचा उपयोग काय? तितक्या स्वतंत्र वाटा त्या फंक्शनमध्ये आहेत, म्हणून प्रत्येक वाट एकदा तरी चालून बघायची तर साधारण तितक्या चाचण्या लिहायला हव्यात. एकूण मार्ग मात्र याहून फार जास्त असू शकतात. एकाखाली एक अशा दहा साध्या अटी असतील तर माप ११ येतं, पण 'हो' आणि 'नाही' यांच्या सगळ्या जोड्या धरल्या तर मार्ग होतात १०२४. इतके मार्ग डोक्यात एकदम धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मॅककेब यांनी एका फंक्शनसाठी १० ही वरची मर्यादा सुचवली. ती जादूची नव्हे, व्यवहाराला धरून आहे, हेही त्यांनीच स्पष्ट केलं होतं. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, मॉरिस हॉल्स्टेड यांनी वेगळी वाट धरली. कोडमधल्या क्रिया आणि ज्यांच्यावर त्या घडतात त्या गोष्टी मोजून त्यांनी सूत्रं बसवली. ती आजही काही साधनांत आहेत, पण रोजच्या बोलण्यात टिकलं ते मॅककेब यांचंच माप.

वाटा तेवढ्याच, डोकेदुखी वेगळी

मात्र या मापाची एक मर्यादा आहे. ती समजायला एक छोटं उदाहरण घेऊ. समजा, मंडळाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकाचा दंड ठरवायचा आहे. पुस्तक वेळेत आलं तर दंड नाही. आजीव सभासदांना दंड नाही. बाकीच्यांना सात दिवसांपर्यंत उशीर झाला तर दिवसाला १ रुपया, त्याहून जास्त झाला तर सगळ्या दिवसांना २ रुपयांप्रमाणे. एका हाताने हे असं लिहिलं :

जर पुस्तक परत आलं असेल तर
— जर उशीर झाला असेल तर
— — जर आजीव सभासद नसेल तर
— — — जर उशीर ७ दिवसांपेक्षा जास्त असेल तर
— — — — दंड = दिवस × २
— — — नाहीतर दंड = दिवस × १
— — नाहीतर दंड = ०
— नाहीतर दंड = ०
नाहीतर 'पुस्तक बाकी'

दुसऱ्या हाताने असं :

जर पुस्तक परत आलं नसेल तर 'पुस्तक बाकी' सांगा आणि थांबा
जर उशीर झाला नसेल तर ० सांगा आणि थांबा
जर आजीव सभासद असेल तर ० सांगा आणि थांबा
जर उशीर ७ दिवसांपेक्षा जास्त असेल तर दिवस × २ सांगा आणि थांबा
दिवस × १ सांगा

दोन्हींत अटी चार, म्हणून मॅककेब यांचं माप दोन्हीकडे ५. उत्तरंही तीच येतात. पण पहिला वाचताना तिसऱ्या 'नाहीतर'पाशी बोट ठेवून वर जावं लागतं : हा 'नाहीतर' नेमका कुणाचा? दुसऱ्यात एक अट वाचली, की ती विसरून पुढे जाता येतं.

हा फरक पकडण्यासाठी सोनारसोर्स या कंपनीने 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' नावाचं माप आणलं. आपण त्याला आकलनाचं ओझं म्हणू. त्याचा मुख्य नियम असा की अट अटीच्या पोटात गेली, की दंड वाढतो. पहिल्या पातळीवरची अट १ गुण, तिच्या पोटातली २, तिच्याही पोटातली ३. प्रत्येक 'नाहीतर'चा वेगळा १. आता वरचा हिशेब करा. पहिल्यात अटींचे १, २, ३, ४ मिळून १० आणि चार 'नाहीतर'चे ४, म्हणजे एकूण १४. दुसऱ्यात चार सुट्या अटी, म्हणून फक्त ४. तेच काम, त्याच वाटा, पण वाचणाऱ्यावरचं ओझं तिपटीहून कमी.

हा फक्त टापटिपीचा प्रश्न नाही

'चालतंय ना? मग झालं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी दोन प्रकरणं सांगतो.

पहिलं अमेरिकेतलं. सप्टेंबर २००७ मध्ये ओक्लाहोमात एक टोयोटा कॅमरी गाडी अनियंत्रित होऊन अपघात झाला. चालवणारी महिला गंभीर जखमी झाली आणि सोबतची महिला दगावली. अशा तक्रारी बऱ्याच वाढल्यावर नासाच्या अभियंत्यांनीही टोयोटाची यंत्रणा तपासली होती. २०११ च्या अहवालात त्यांना इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही, मात्र पुरावा न मिळणं म्हणजे दोष नसणं नव्हे, असंही त्यात नमूद होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या खटल्यात मायकेल बार या तज्ज्ञाने गाडीच्या कोडबद्दल साक्ष दिली. ६७ फंक्शनांचं सायक्लोमॅटिक माप ५० च्या वर होतं, आणि इंजिनाला किती हवा सोडायची ते ठरवणाऱ्या फंक्शनचं माप तर १०० च्या वर होतं, असं त्याने ज्यूरीपुढे सांगितलं. त्याच्या साक्षीत इतरही मुद्दे होते आणि कंपनीने दोष कबूल केला नाही. ज्यूरीने मात्र कंपनीला जबाबदार धरलं आणि भरपाई ठरवली. पुढे तडजोड झाली.

त्या आकड्याने अपघात झाला, असं मी म्हणणार नाही. पण शंभराहून जास्त वाटांचं फंक्शन कोणी पूर्ण तपासलं आहे, असं छातीठोकपणे कोण सांगणार? किचकट कोडमध्ये चूक असतेच असं नाही, पण ती नाही हे दाखवता येत नाही. जिथे माणसाचा जीव त्यावर टांगलेला असतो, तिथे हीच मोठी अडचण आहे.

दुसरं प्रकरण उलट्या बाजूचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने घाईघाईने आयफोनसाठी दुरुस्ती सोडली. समोरची वेबसाइट खरी आहे का, हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली अटीच्या ताब्यात होती. दुसरी मात्र अटीबाहेर पडल्यामुळे दर वेळी चालायची आणि शेवटची तपासणी टाळून पुढे उडी मारायची. तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे उत्तर यायचं 'सगळं ठीक'. त्याच वायफायवर बसलेला लबाड माणूस तुमच्या बँकेचं सोंग घेऊ शकला असता. गंमत अशी की दुसरी ओळ नीट आत सरकवून लिहिलेली असल्याने डोळ्याला ती अटीच्या पोटातच दिसत होती. हे फंक्शन काही अवाढव्य नव्हतं. वाटा मोजून ही चूक सापडली नसती. एक ओळ असली तरी अटीला कंस घालायचाच, ही साधी शिस्त तिथे उपयोगी पडली असती.

सगळा किचकटपणा वाईट नसतो

फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ च्या एका प्रसिद्ध निबंधात किचकटपणाचे दोन प्रकार केले. एक विषयातच असतो, दुसरा आपण आपल्या हाताने ओढवून घेतो.

विषयातला किचकटपणा कसा असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. घरची वंशावळ दाखवणारा प्रोग्रॅम लिहायला बसा. इंग्रजीत दोन शब्दांत भागतं, 'अंकल' आणि 'आंट'. आपल्याला वडिलांचा भाऊ काका, आईचा भाऊ मामा, वडिलांची बहीण आत्या, आईची बहीण मावशी. शिवाय काकू, मामी, आणि आत्याच्या यजमानांना घराघरांत वेगवेगळी हाक. हा किचकटपणा कोडमधून काढून टाकता येणार नाही, आणि काढूही नये. मावशीला आत्या म्हणून चालेल का?

पण तो मांडायचा कसा, हे आपल्या हातात आहे. एकाखाली एक 'जर आईची बहीण असेल तर मावशी, नाहीतर जर वडिलांची बहीण असेल तर आत्या' असं लिहीत गेलात तर आठ नात्यांना आठ अटी आणि माप ९. त्याऐवजी एक तक्ता करा. एका रकान्यात 'आईची बहीण', समोर 'मावशी'. कोडने तक्त्यात बघायचं आणि उत्तर द्यायचं. अटी जवळजवळ संपल्या. नवं नातं आलं की तक्त्यात एक ओळ वाढवायची, आणि ती तर कोड न येणारी आजीसुद्धा तपासून देईल. किचकटपणा गेला नाही, तो वाचता येईल अशा जागी येऊन बसला.

कमी कसा करायचा

मी पूर्वी एका कंपनीत होतो. तिथे पगाराचा हिशेब करणारं एक फंक्शन होतं, माप शंभराच्या पुढे. लिहिणारे गृहस्थ केव्हाच निघून गेले होते. रजेच्या नियमात एक बदल करायचा होता आणि कोणी त्या फाइलला हात लावायला तयार नव्हतं. सगळ्यांची भीती रास्त होती, कारण एक अट इकडची तिकडे झाली असती तर महिनाअखेरीला लोकांच्या घरात कमी पैसे गेले असते. आमच्या तिघांच्या गटाने ते काम ज्या क्रमाने केलं, तोच क्रम मी आजही तरुणांना सांगतो.

आधी कोडला हात लावायचा नाही, चाचण्या लिहायच्या. आम्ही जुन्या महिन्यांची माहिती घेऊन ते फंक्शन आज काय उत्तर देतं ते नोंदवलं. ते उत्तर बरोबर आहे की नाही हा प्रश्न त्या टप्प्यावर नव्हता. आपण वागणूक बदललेली नाही एवढं कळलं पाहिजे.

मग नकाराच्या अटी वर आणल्या. 'कर्मचारी या महिन्यात कामावर नव्हता, तर इथेच थांबा' अशा चार-पाच अटी पहिल्यांदा निकालात काढल्या, की आतलं सगळं एकेक पायरी डावीकडे सरकतं. ग्रंथालयाच्या उदाहरणात हेच केलं.

त्यानंतर एकेक काम वेगळं काढून त्याला नाव दिलं. रजेचा हिशेब एकीकडे, भविष्यनिर्वाह निधीची कपात दुसरीकडे, जादा तासांचे पैसे तिसरीकडे. इथे नाव हेच सगळ्यात अवघड काम असतं. चांगलं नाव सुचत नसेल तर समजावं की त्या तुकड्यात दोन कामं अडकली आहेत.

लांबलचक अटींनाही नावं दिली. 'सेवा पाच वर्षांहून जास्त आणि प्रकार कायम आणि नोटीस दिलेली नाही' असं तीन ठिकाणी लिहिण्यापेक्षा त्याला 'ग्रॅच्युइटीस पात्र' म्हटलं, की वाचणारा पुढे जातो.

शेवटी एकसारखेपणा आणला. समर्थांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा आणि पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, अशी अपेक्षा त्यात आहे. दहा जणांनी लिहिलेला कोड एकाच हातचा वाटावा, यापेक्षा वेगळं आपण काय मागतो?

प्रत्येक पायरीनंतर चाचण्या चालवल्या. तीन आठवडे गेले. रजेचा तो बदल मग एका दुपारी झाला. शिवाय एक गोष्ट उघडी पडली. रात्रपाळीच्या काही कामगारांचा भत्ता कित्येक महिने थोडा कमी धरला जात होता. अट चौथ्या पातळीवर दडलेली होती, त्यामुळे कोणाला दिसली नव्हती. ती आम्ही लगेच न बदलता हिशेब विभागाला दाखवली. त्यांनी कागद तपासले आणि पुढच्या पगारात त्या लोकांचा फरक दिला. वाचता येणाऱ्या कोडचा फायदा कोणाला, असं कोणी विचारलं तर मला त्या रात्रपाळीची आठवण होते.

आकड्याच्या नादी लागू नका

एक धोक्याची सूचना. माप हेच ध्येय झालं की ते माप राहत नाही. '१० च्या वर गेलात तर काम परत' असा फतवा निघाला, की लोक मोठं फंक्शन कापून 'भाग १', 'भाग २', 'भाग ३' अशी नावं देतात. प्रत्येकाचा आकडा सुंदर येतो, आणि वाचणाऱ्याला एका पानाऐवजी तीन पानांत भटकावं लागतं. वाईट नावं, खोट्या टिपा, चुकीची कल्पना यांतलं काहीच हे आकडे पकडत नाहीत. ताप मोजल्याने आजार कळत नाही, पण कोणाला आधी तपासायचं ते कळतं. तेवढ्यासाठीच थर्मामीटर वापरावा.

म्हणून मी आकडा एकटा बघत नाही. ज्या फंक्शनचं माप मोठं आहे आणि ज्यात वारंवार बदलही होतात, ते आधी घ्यायचं. माप ४० असलं तरी वर्षानुवर्षं ज्याला कोणी हात लावलेला नाही आणि जे नीट चालतंय, ते सुखाने झोपू द्यावं.

या आठवड्यात करून बघा

साधनं फुकट मिळतात. पायथॉन लिहीत असाल तर 'रॅडॉन' आहे. ते शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेणी देतं. १ ते ५ ला 'ए', ६ ते १० ला 'बी', आणि ४१ पासून पुढे थेट 'एफ'. जावास्क्रिप्टसाठी 'ईएसलिंट'मध्ये हाच नियम आहे, फक्त तो आपण सुरू करावा लागतो. 'लिझार्ड' अनेक भाषांना चालतं. 'सोनारक्यूब' आकलनाचं ओझंही मोजतं आणि सहसा १५ च्या पुढे गेलं की टोकतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टवर किंवा कामाच्या कोडवर यांतलं एक चालवा. सगळ्यात मोठा आकडा असलेलं फंक्शन निवडा. आधी तीन-चार चाचण्या लिहा, मग नकाराची एक अट वर आणा, एका तुकड्याला चांगलं नाव द्या. तेवढंच. आकडा किती उतरला ते बघा. मग आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कोड अशा मित्राला वाचायला द्या ज्याने तो प्रोजेक्ट कधी पाहिलेला नाही, आणि कुठला लवकर समजला ते त्याला विचारा. साधनाचा आकडा आणि मित्राचं उत्तर जुळलं नाही, तर मित्राचं ऐका.